नांदेडचा तो एक गोल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे. दहावीचे खरे मार्क, पहिल्या नोकरीतून का काढलं ते, इतकंच काय, तिच्या आधी देगलूरची जी मुलगी बघायला गेलो होतो तिनं मला का नाकारलं तेही. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही लातूरचे नसाल, म्हणून असेल. लातूरचे असाल आणि पन्नाशी ओलांडलेली असेल तर मात्र अवघड आहे. मग तुम्ही या भांडणात कधी ना कधी, कोणाच्या तरी बाजूनं, चहाचा कप आपटून बोललेला असाल.

भांडण साधं होतं. संघ हरला की चूक कोणाची — शिकवणाऱ्याची की खेळणाऱ्याची?

लातूरला फुटबॉलचा संघ होता हेच आता कोणाला खरं वाटत नाही. पण होता. मी त्याचा गोलकीपर. गोलकीपर का झालो? उंच होतो आणि पळायचा मला कंटाळा होता. आयुष्यात जीव तोडून पळालो तो एकदाच — आणि त्याच पळण्याबद्दल हे सगळं आहे. पण थांबा. आधी मास्टरांबद्दल सांगायला पाहिजे.

मुनीर मास्टर हे आमचे कोच. ते मास्टर म्हणजे खरे तर टेलर मास्टर. गंजगोलाईजवळच्या एका बोळात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तरुणपणी कापड बेतायला शिकायला म्हणून हैदराबादला गेले आणि तिथून फुटबॉल शिकून आले. कोच म्हणून त्यांच्याकडं कागद कोणताही नव्हता. गळ्यात शिट्टीऐवजी मापाची टेप. मैदानावरही ती टेप गळ्यातच असायची आणि पेनल्टीची जागा ते त्याच टेपनं वाकून वाकून मोजायचे. आमच्या जर्सी त्यांनीच शिवलेल्या. माझ्या जर्सीचे हात त्यांनी दोन बोटं जास्त ठेवले होते. म्हणायचे, "गोलीचा हात लांब दिसला पायजे. समोरच्याला आधीच टेन्शन." असा माणूस. कोणावर ओरडला नाही. चूक झाली की जवळ यायचे, खांद्यावरची न दिसणारी धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "फिर से."

अशा माणसाबद्दल मी — नाही, अजून नाही. भूकंपाचं सांगायचं राहिलं.

भूकंपात आमच्या घराची दोन कौलं पडली. दोन. मोजून. आमच्या गल्लीत कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि आमच्या संघात बालाजी होता, फुलबॅक, औशाकडच्या एका खेड्यातला. त्याची आई गेली, धाकटा भाऊ गेला, घराच्या जागी दगडांचा ढीग राहिला. तीन महिन्यांनी तो सरावाला परत आला. कोणी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "तिथं पत्र्याच्या खोलीत बसून काय करू?" आणि बूट बांधायला लागला.

आता माझं बघा. दोन कौलांचा धनी मी — वर्षभर घरात दाराच्या चौकटीखाली उभा राहत नव्हतो. रस्त्यावरून ट्रक गेला की मी अंगणात. शेजारणीनं मिक्सर लावला की मी अंगणात. एकदा तर अंघोळ करताना कुठून तरी घरघर ऐकू आली आणि मी फक्त टॉवेलावर अख्खी गल्ली पार करून मारुतीच्या देवळापाशी पोचलो. पिठाची गिरणी होती. तुळईखाली थांबायचं नाही, मोकळ्या जागेत पळायचं, हे त्या वर्षी रेडिओवरून इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या पायांना ते पाठ झालं होतं. डोक्याला विचारायची पद्धतच राहिली नव्हती. घरचे हसायचे. संघात मात्र मी हे कळू दिलं नव्हतं. बालाजीसमोर कसं कळू देणार?

तर, त्याच वर्षीचा नांदेडचा सामना. फायनल. नांदेड आणि लातूर यांचं एकमेकांशी कधी पटलंय? आम्हाला वाटतं ते स्वतःला मोठे समजतात, त्यांना वाटतं आम्ही कोण. त्यामुळं दोन बस भरून माणसं लातूरहून आली होती. ज्यांना फुटबॉलमध्ये किती खेळाडू असतात ते माहीत नव्हतं, तीही आली होती.

मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागं, झाडांची रांग होती. झाडांमागं रेल्वेचा रूळ होता. हे नांदेडच्या पोरासोरांना माहीत होतं. मला नव्हतं. पहिल्या हाफमध्ये मी दुसऱ्या टोकाला उभा होतो.

दुसरा हाफ संपायला चार-पाच मिनिटं असतील. शून्य-शून्य. मी त्या दिवशी चांगला खेळत होतो, हे खोटं नाही. दोन गोल अडवले होते. आणि मग — तळपायाला लागलं. आधी बारीक, मुंग्या आल्यासारखं. मग जमीन गुरगुरायला लागली. मी वर बघितलं तर डोक्यावरचा आडवा बार थरथरतोय. जाळी हलतेय, खांब हलतोय.

मला बार दिसलाच नाही. मला तुळई दिसली.

मी पळालो. हे लिहायला मला तीस वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो. मी घाबरून पळालो. मोकळ्या मैदानातून मोकळ्या मैदानात. बालाजीच्या बाजूनं गेलो, तो आपल्या माणसावर नजर ठेवून जागेवर उभा होता. समोरून नांदेडचा सेंटर फॉरवर्ड बॉल घेऊन येत होता. मी अंगावर येतोय असं वाटून तो थबकला. मग माझं लक्ष बॉलकडं नाही हे बघून त्यानं बाजूला होऊन मला वाट दिली. सभ्य माणूस. मी मधल्या रेषेजवळ पोचलो तेव्हा मागं शिट्टी झाली. पंचाची नव्हे. इंजिनाची.

मालगाडी होती. लांबच्या लांब, डबे मोजत बसावेत अशी. आणि आमच्या गोलमध्ये बॉल शांतपणे पडलेला.

सगळे माझ्याभोवती गोळा झाले. सगळ्यांत पुढं बालाजी. त्यानं रागानं नाही विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "का निघालास रे गोल सोडून?"

सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? ज्याची आई दगडाखाली गेली तो पाय रोवून उभा राहिला आणि दोन कौलांचा हा धनी पळाला — हे त्याच्या तोंडावर म्हणाला असता? तुम्ही म्हणाला असता कदाचित. मी बाजूच्या रेषेकडं बघितलं. तिथं मास्टर उभे होते, दोन्ही हात पाठीमागं, गळ्यात टेप.

मी म्हणालो, "मास्टरांनी हात केला. बाहेर ये म्हणून."

मास्टरांनी हात केला नव्हता. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

खोटं किती लवकर मोठं होतं ते मी त्या परतीच्या बसमध्ये बघितलं. नांदेड सोडताना तो हात फक्त मी बघितला होता. लोह्याला तिघांनी बघितलेला निघाला. अहमदपूरला सात जणांनी, त्यातले दोघं तर बेंचवर मास्टरांच्या मागं बसलेले होते. चाकूरच्या पुढं मास्टर स्वतः उठले, वरचा दांडा धरत धरत माझ्या सीटपाशी आले आणि म्हणाले, "केला असंल बेटा. बालाजीला मागं सरक म्हणायचं माझ्या मनात होतं. मनात होतं म्हणजे हात गेला असंल."

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं ना? मी खिडकीबाहेर बघितलं.

मग सुरू झालं ते. आमच्या चहाच्या हॉटेलात दोन पक्ष पडले. एका बाजूला देशपांडे वकील. त्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता, पण बाजू लढवायची सवय. त्यांचं म्हणणं, चूक शंभर टक्के मास्टरची. खेळाडूनं आज्ञा पाळली, आज्ञाच चुकीची होती. दुसऱ्या बाजूला शफीभाई पानवाले. त्यांना चूक माझी वाटायची. "वकीलसाब," ते म्हणायचे, "मास्टरनं हात केला म्हणून गोली काय थेट हाफ लाइनला जातो का? अजून एकदा केला असता तर इस्लापूरला जाऊन धबधबा बघून आला असता."

लोक हसायचे. मीही हसायचो. आणि मग सगळे माझ्याकडं बघायचे, कारण साक्षीदार मीच. अशा वेळी मी काय म्हणायचो माहीत आहे? मी म्हणायचो, "जाऊ द्या हो. मास्टरही माणूसच आहेत. एखादा निर्णय चुकतो." असं हळू आवाजात, कप खाली ठेवत. वकिलांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोरगा बघा, म्हणायचे, एवढं झालं तरी गुरूबद्दल एक वाईट शब्द नाही. माझ्या मोठ्या मनाची गावात चर्चा झाली. खोटं बोलल्याबद्दल लोकांना शिक्षा होते. मला मान मिळाला.

पुढच्या हंगामात कमिटीनं मास्टरांना काढलं. सोलापूरहून कागदवाला कोच आणला. त्याच्याकडं शिट्टी होती, फळा होता, फळ्यावर बाण काढायचा. त्याच्या हाताखाली आम्ही पहिलाच सामना पाच गोलांनी हरलो. वकील म्हणाले, चूक कोचची. शफीभाई म्हणाले, चूक गोलीची. या वेळी शफीभाईंचं बरोबर होतं, पण पाचातल्या तीनच गोलांपुरतं. मास्टरांच्या दुकानावरून जाताना पोरं "बाहेर ये मास्टर, बाहेर ये" असं ओरडायची. मास्टर मशीन थांबवून दारात यायचे आणि हसायचे. मला वाटायचं, चला, त्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही. आपल्याला काय पाहिजे ते माणसाला किती पटकन वाटतं.

मग संघच संपला. लातूरला क्लासेसचं वारं आलं. बघता बघता मैदानांवर होस्टेलं उभी राहिली, कोच हा शब्द गेला आणि कोचिंग आलं. मी फिजिक्स शिकवायला लागलो. तुम्हाला हसू येईल, पण तेच भांडण तिथंही माझ्या मागं आलं. पोरगं नापास झालं की चूक क्लासची की पोराची? देशपांडे वकिलांचा नातू माझ्याच बॅचला होता. कंपनावरच्या धड्यात त्याला शून्य पडलं. वकील क्लासवर आले, टेबलावर हात आपटून म्हणाले, "विद्यार्थी कधी चुकत नसतो सर. चुकतो तो शिकवणारा." मी म्हणालो, "बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार होतो?

आता खरं सांगायचं ते. आतापर्यंत जे सांगितलं ते एका घाबरट पोरानं केलं असं तुम्ही म्हणाल, आणि मनातून थोडं सोडूनही द्याल. हे ऐका मग.

माझं लग्न ठरलं तेव्हा कोट शिवायला मास्टरांकडंच गेलो. दुसरीकडं गेलो असतो तर लोक काही म्हणाले असते. मास्टरांनी मला उभं केलं, दोन्ही हात वर करायला सांगितले आणि छातीभोवती टेप फिरवली. आकडा वहीत लिहिला नाही. टेप तशीच धरून म्हणाले, "तुला एक बोलायचं होतं. कैक दिवसांपासून. त्या दिवशी माझ्या हातामुळं तुला चार लोकांत शफीचं ऐकून घ्यावं लागलं. लई वाईट वाटतं मला. माफ कर बेटा."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांचं डोकं माझ्या खांद्याशी होतं, केस पांढरे झालेले दिसत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. चार शब्दांचं. मास्टर, मालगाडीला घाबरून पळालो.

मी म्हणालो, "जाऊ द्या मास्टर. माणसाकडून होतं असं."

मी त्यांना माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी — त्यांना — माफ केलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळ्याला लावला, आणि मग बाहीचं माप घेतलं. तो कोट त्यांनी असा शिवला की सासरची माणसं उलटा करून अस्तर बघत होती.

मास्टर गेल्या वर्षी गेले. दुपारच्या नमाजनंतर कब्रस्तानात मिट्टी झाली. बालाजी औशाहून आला होता, जर्सी जपून ठेवली होती ती घेऊन. परत आल्यावर बोळात खुर्च्या मांडल्या होत्या. देशपांडे वकिलांच्या हातात आता काठी आहे, शफीभाईंना कमी ऐकू येतं. दोघं शेजारी शेजारी बसले. मला वाटलं, आता सुरू करतील. पण वकील म्हणाले, "शफी, आज सोडून देऊ. मास्टरची चूक नव्हती, असं धरू."

शफीभाईंनी कानामागं हात धरून ऐकलं आणि म्हणाले, "मग गोलीची पण नव्हती, असं धरू. नशीब खराब होतं."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मग शफीभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी लई बोललो तुला. तू पण मनातून काढून टाक आता."

बालाजी समोरच बसला होता. माझ्याकडंच बघत होता.

मी म्हणालो, "मी केव्हाच विसरलो, शफीभाई."

ते दोघं एकमेकांकडं बघून मान डोलावत राहिले. मी चहा संपवला आणि घरी आलो.