पोळ्याच्या दिवशी नदीपल्याड

पाणी कमरेवर आलं आणि तेव्हाच कळ सुटली. डोक्यावर बोचकं होतं. एक हात बोचक्याला, एक पोटाला. समोर बागेचा बंगला दिसत होता, त्याच्या दगडी पायऱ्या नदीत उतरलेल्या. मी आईला हाक मारली. पाण्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

हा बंगला भोसल्यांच्या काळातला. आता पूल झाला आहे, लोक गाडीने बघायला जातात. तेव्हा काही नव्हतं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तसा मालक खोल्यांना कुलपं लावून नागपूरला राहायला गेला. संत्र्याची बाग राखायला माझी विधवा आई तेवढी मागे राहिली, ओसरीवर.

माझा नवरा नागपूरला सरकारी कचेरीत चपराशी होता. राज्य बदललं, राजधानी नागपूरहून हलली, कचेरी भोपाळला गेली, तोही गेला. मी भाड्याच्या खोलीत एकटी. दिवस भरत आले तेव्हा बाळंतपणाला आईकडे निघाले. दुसरं कोणी नव्हतंच.

सौंसरला बसमधून उतरलं की पुढे कोणाची तरी बैलगाडी मिळायची. गाडीतच नदी पार व्हायची. त्याच भरवशावर आले. उतरून बघते तर बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पोळा होता. दारात बैल नसला की पोळा कधी आला ते कळत नाही.

ओळखीच्या एका कास्तकाराच्या घरी गेले.

"काकाजी, नदीपल्याड सोडून देता का गाडीनं?"

"आज? काल बैलाचे खांदे शेकले, लोणी लावलं, अन् आज जू ठेवू? तू कास्तकाराची पोरगी व्हय ना?"

"व्हय."

"मंग मले काय इचारून राहिली?"

त्याची बायको बैलाला पुरणपोळी चारत होती. ती म्हणाली, "बैलाले सुट्टी हाय बाई, बाईले नाही." एक पोळी माझ्याही हातावर ठेवली. "आज इथंच राय. उद्या जाजो."

पोर उद्यापर्यंत थांबेल याचा भरवसा नव्हता. पोळी खात मी चालू लागले. वाटेत माणूस भेटला नाही. सगळी आपापले बैल घेऊन गावच्या तोरणाखाली जमली होती. मागे वाजणारी डफडी बराच वेळ ऐकू येत होती. मग तीही बंद झाली.

आई भांडी घासायला पायऱ्यांवर आली म्हणून मी तिला दिसले. ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. छातीपर्यंत बुडाली, पण माझ्यापर्यंत आली.

"मरायले आली का इथं?"

"बाळंत व्हायले आली."

तिने मला ओढत वर नेलं, बोचकं नदीतच वाहून गेलं. खोल्यांच्या किल्ल्या मालकाकडे, म्हणून ओसरीवरच बाळंत झाले. मुलगी झाली. नाळ कापणं, पाणी तापवणं, पोरीला पुसणं, सगळं आईने केलं. सुकं लुगडं एकच होतं, ते तिने पोरीला गुंडाळलं. स्वतः ओल्यातच राहिली.

मग तिला ताप भरला. खोकताना छाती धरायची. आता पोळा सरला होता, कोणीही गाडी जुंपली असती. पण वर कुठे पाऊस झाला आणि नदी चढली. पल्याडचा माणूस अल्याड येईना. मी पोरीला पाजत ओसरीवर बसायची आणि पाणी कोणत्या पायरीवर आहे ते बघायची.

पाणी उतरलं तेव्हा दवाखान्यात न्यायला कोणी उरलं नव्हतं. मी वाचले. पोरगी वाचली. आई नाही.