शेळीची माकडटोपी

नव्वदच्या दशकात मी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. एके दिवशी जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या नि म्हणाल्या, "शेळीला टोपी करून द्याल?" मी त्यांच्या तोंडावरच हसलो.

त्यांचा सवाल असा: शेळी दिवसभर मान खाली-वर करते, तिला चक्कर कशी येत नाही? तेव्हा मेंदूतलं रक्त काय करतं? भूल दिलेली शेळी हे सांगणार नाही. जागी, चरती हवी. टोपीतला बारीक दिवा कवटीतून उजेड आत सोडणार, परत आलेला उजेड यंत्र मोजणार आणि कागदावर रक्ताची रेघ काढणार. यंत्र पुण्याहून उसनं आणलेलं, शनिवारी परत द्यायचं. बाईंची तीन वर्षांची मेहनत त्या एका रेघेवर अडकलेली.

मी आधी एकदा जाऊन व्हर्नियरच्या मापपट्टीनं शेळीचं डोकं मोजलं आणि ॲल्युमिनियमची टोपी केली. केसभर फट नाही! शुक्रवारी सकाळी ती घेऊन मॅडमबरोबर देवळाली प्रवऱ्याला गेलो. शेळी तिथल्या एका मावशींची. टोपी चढवली, यंत्र लावलं, तर रेघ जवळजवळ सपाट. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"यंत्रच बिघडलंय," मी ठोकून दिलं.

मावशींनी टोपीखाली बोट घालून पाहिलं. जाईना. "आरं मेल्या, शेळीचं डोस्कं हाय का नटबोल्ट? रगत जाईल कुटनं?"

उजेड कातडीतूनच आत जाऊन परत यायचा, आणि दाबलेल्या कातडीत रक्तच शिरत नव्हतं; म्हणून रेघ सपाट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोळ्याला बैलांना बाशिंग बांधणारा मावशींचा हात. दोन बोटं सैल, पण बैलानं मान झटकली तरी हलायचं नाही. त्यांनी नवऱ्याची माकडटोपी कापली, शिंगांसाठी तिला भोकं पाडली, दिवा आत टाचला. वर म्हणाल्या, "आदी तशीच चरू द्या. सवय व्हऊ दे." तासाभरानं शेळी टोपी विसरली, तेव्हा कुठं वायर जोडली.

तिनं मान खाली घातली. रेघ किंचित चढली, लगेच जागेवर आली. मान वर केली. किंचित उतरली, पुन्हा जागेवर. मेंदू रक्त आपलं आपण सावरून घेत होता, म्हणून चक्कर नाही. काय ती शेळी, आणि काय त्या दोघी बाया! मॅडम यंत्रापाशी उकिडव्या बसून चक्क रडत होत्या.

"काय म्हन्तंय तिचं डोस्कं?" मावशींनी विचारलं.

"बरं चाललंय म्हणतंय," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी रेघेचा वीतभर कागद फाडून मावशींच्या हातात दिला. मावशींना अक्षरओळख नव्हती. त्या रेघेवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, मग कागद शेळीच्या तोंडापुढं धरला.

"बग गं बाये, ही तू."