दादाची पकड

लेक जिममधून आली. वजन घसरू नये म्हणून तिच्या तळहातांवर लावलेली पांढरी पावडर बघितली आणि माझी बोटं आपोआप मिटली.

दादा गोहलपूरच्या आखाड्यातला पहिलवान, मी वेटलिफ्टर. तोल गेला की वजन सोडून मागे सरायचं, हे मला रोज शिकवलं जायचं. दादा हसायचा. "काहून सोडून देते गं तू? आमच्यात धरलेलं मनगट कोणी सोडत नाही."

बरगीच्या धरणात आमची होडी उलटली. एका हातानं मी होडी धरली होती, दुसऱ्यानं दादाचं मनगट, त्यानं माझं. पाणी गार होतं. मग माझा हात एकदम हलका झाला. दादा दुसऱ्या दिवशी सापडला.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "तुला वाचवायला त्यानंच सोडलं."

 पण आम्हा दोघांत सोडायला शिकवलं होतं, ते फक्त मला.