दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

माझ्या वडिलांचं, आमच्या आप्पांचं, सगळं आयुष्य लेथवर गेलं. अनगोळात घर, चालत जाण्याइतका जवळ कारखाना, दिवसभर हातात लोखंड. गेल्या वर्षी त्यांचा एक पाय बधिर होऊ लागला. चप्पल पायातून सुटून मागं राहायची आणि यांना पत्ताच नसायचा. डॉक्टर म्हणाले, मणक्यात शीर दबली असेल तर वेळेत सोडवायला हवी, नाहीतर पाय कायमचा जाईल. आणि नेमकी कुठं दबलीय ते एमआरआयशिवाय कळणार नाही. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि त्यांना एमआरआयला घेऊन गेले.

मशीन चालवणाऱ्या बाई चिकोडीकडच्या होत्या. बोलायला मऊ, कामाला खमक्या. त्यांनी आप्पांची अंगठी, पट्टा, घड्याळ उतरवून घेतलं. चांदीचा करदोडा काढताना आप्पा नव्या नवरीसारखे लाजले. मग बाईंनी विचारलं, "अंगात कुठं धातू हाय काय? सळई, पेसमेकर? डोळ्यात कधी लोखंड गेलंय?"

"न्हाय," आप्पांनी ठणकावून सांगितलं.

मला वाटलं, झालं, आता आत नेतील. पण बाई त्यांच्या हातांकडं बघत होत्या. "काम काय करता आप्पा?"

"टर्नर हाय."

"मग लेथवर डोळ्यात कचरा जात असंल की."

"त्ये रोजचंच. शेजारचा गडी पापणी वर करून रुमालाच्या टोकानं काढतोय. त्येला काय डोळ्यात लोखंड गेलं म्हणत्यात व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तो कचरा म्हणजे लोखंडाचा कीस, हे आप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण गड्यानं काढला की तो त्यांच्या लेखी डोळ्यात गेलेलाच नसतो. बाई मात्र जराही चिडल्या नाहीत. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू, एवढंच म्हणाल्या.

"दुखणं पाठीचं, आन् फोटू डोळ्याचा?" आप्पा माझ्यावर गुरगुरले.

एक्स-रेत डाव्या डोळ्यापाशी मोहरीहून बारीक पांढरा ठिपका दिसला. आप्पांना दिसतं ते त्या एकाच डोळ्यानं. उजवा लहानपणी विटी लागून गेलेला. बाईंनी सांगितलं, "आतलं चुंबक लई ताकदीचं हाय, आन् ते कधी बंद नसतंय. तुमी आत गेला असता तर ह्यो कण जागचा हालला असता, डोळा फाडला असता." चुंबक लोखंडाला कसं ओढतं हे त्यांना सांगावं लागत नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तो कण काढला. पुन्हा एक्स-रे झाला आणि मगच आप्पा मशीनच्या खोलीच्या दारातून आत जायला निघाले. यंत्र दिसलं की त्यांना राहवत नाही. "चुंबकानं फोटू कसा निघतोय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून सांगितलं. शरीरात सगळीकडं पाणी असतं. त्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात, अगदी इवल्या चुंबकांसारखे. मोठ्या चुंबकात गेलं की उलट्या दिशेपेक्षा थोडे जास्त कण त्याच्या दिशेनं वळून राहतात. मग रेडिओसारख्या लहरींनी त्यांना ढकलायचं. लहर थांबली की ते परत जागेवर येतात आणि येताना बारीकसा संदेश सोडतात. चरबीतून वेगळा, मणक्याच्या गादीतून वेगळा. त्यावरून संगणक चित्र जुळवतो. यात एक्स-रे लागत नाही, फक्त हलायचं नाही.

"म्हंजे अंगातल्या पाण्याचा फोटू," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडावर मी असं कौतुक फक्त चांगल्या मशीनपुढंच पाहिलं आहे. आतून धाडधाड आवाज येत राहिला आणि घरी एका जागी न बसणारा हा माणूस दगडासारखा निपचित पडून राहिला.

चित्रात मणक्याची एक गादी सरकून शिरेवर बसलेली स्वच्छ दिसली. ऑपरेशन झालं, हळूहळू पाय शुद्धीवर आला. काठी सुटल्यावर आप्पांनी मला टिळकवाडीतल्या माझ्या घरून बोलावून घेतलं आणि आधी सर्जनकडं नव्हे, त्या बाईंकडं न्यायला लावलं. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस, त्यानं हात जोडले.

"तुमी दुसऱ्यांदा इचारलं नसतं," ते म्हणाले, "तरी आज हितं चालत आलो असतो. पर लेकीचा हात धरून, चाचपडत."