बदके हाकलण्यासाठी नेमलेला घसा

गस्टिन गावाच्या पंचक्रोशीत हर्मिनियो बोर्बाच्या घशाला जो मान होता, तो चर्चमधल्या गायकवृंदालाही नव्हता. शिकारी क्लबांच्या तळ्यांकाठी लव्हाळ्यात बसून त्याने आयुष्यभर रानबदकांना साद घातली होती. त्यामुळे पक्षी-अभयारण्याने त्याला बदके हाकलण्याच्या कामावर नेमले, तेव्हा गावाला हसू आवरेना.

कारण मात्र हसण्याजोगे नव्हते. कापसाच्या शेतांखालून निथळलेले पाणी कालव्यावाटे अभयारण्याच्या तळ्यांत येई आणि मातीतले सेलेनियमचे विष सोबत आणी. ते पाणकिड्यांतून बदकांत, बदकांतून अंड्यांत उतरे. गेल्या वसंतात काही पिल्ले चोचीवाचूनच जन्मली होती. यंदा तिथे एकही घरटे होऊ द्यायचे नाही, असे ठरले होते.

पाखरांना घाबरवायला गॅसवर नुसतेच बार काढणारी तोफ दिमतीला होती. पहिल्या दिवशी बदके उडाली. आठवडा उलटेपर्यंत एक नर तिच्या नळीवरच बसून पंख साफ करू लागला. हर्मिनियो संतापून ओरडला. वर्षानुवर्षांच्या सवयीने घशातून आर्जवच बाहेर पडले, आणि शेजारच्या तळ्यातलीही बदके येऊन उतरली.

डबा घेऊन आलेली त्याची बायको इदालिना म्हणाली, "अहो, हाकलताय की आवतण देताय?"

"शिव्या देतोय!"

"मग फार गोड देताय. मला कधी दिल्या नाहीत अशा."

तेवढ्यात त्याला काठावर एक जोडी गवत गोळा करताना दिसली. अंडे पडले की संपलेच.

तोफ अभयारण्याच्या साहेबांच्या हवाली करून तो थेट मेव्हण्याच्या, डुआर्टेच्या, कुरणावर गेला. ते जवळच होते आणि तिथे नदीचे स्वच्छ पाणी सोडलेले होते. बांधावर बसून त्याने साद घातली.

"दाजी, थांबा!" गोठ्यातून डुआर्टे धावत आला. "बदकं उतरली तर गाई काय खातील?"

थव्यांनी आकाश काळवंडले. बदके उतरली, गाई शेपट्या वर करून पळाल्या. ती जोडी मात्र येईना. घसा बसला, तरी हर्मिनियो घोगऱ्या आवाजात विनवीत राहिला. अखेर दिवस कलताना दोघे आली, कुरणावरून दोनदा फिरली आणि गोठ्याच्या दारातल्या पेंढ्यात ऐसपैस बसली.

बादली हातात धरून डुआर्टे खिळून राहिला. "आता मी आत कुठून जायचं?"

"खिडकीतून," हर्मिनियो कुजबुजला. "आणि पाय न वाजवता."