गुळातले हिंगे

"लघवीत रक्त आहे. कुत्रं चावल्यानं असं होत नाही. यांना काय खायला घातलंय?" बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. माझ्या मालकांच्या ओठांना, जिभेला फोड आले होते, त्यांना बोलवेना. शेजारी उभे असलेले चुलत सासरे, तात्या, छताकडे बघत होते. मग मीच सांगितलं, "गुळात हिंगे वाटून दिलेत."

हिंगे म्हणजे बाजरीच्या कणसावर बसणारे किडे. अंगावर चिरडले की फोड येतात, हे आमच्या पाली गावात शेरडं राखणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कातडी जाळणारा किडा पोटात जाऊन काय थंडावा देणार होता? पण आमचंच कुत्रं मालकांना चावलं आणि तात्यांनी सुई घेऊ दिली नाही, गुळातून हिंगे चारले. "कावून घाबरती? लई जुनं औषध हाय. लघवीवाटं ईख निघून जातंय." रक्त दिसल्यावर हा माणूस खूश झाला होता!

डॉक्टर म्हणाले, "या विषावर उतारा नाही. सलाईन लावू, मूत्रपिंडं तगतात का बघू." रोज क्रिएटिनिनची तपासणी व्हायची. मूत्रपिंडं रक्तातली घाण काढतात की नाही, ते तिच्यात कळतं. आकडा वाढत होता. अजून वाढला तर डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त धुणं. मी लघवीची पिशवी भरायची वाट बघत बसायची. तात्या यायचे, माझ्याच डब्यातली भाकरी खायचे आणि वॉर्डातल्या लोकांना औषधं सांगायचे. एकदा मी त्यांच्या पुढ्यातला डबा उचलला. सुनेनं असं करायचं नसतं. मी केलं.

आकडा हळूहळू उतरला. रेबीजच्या, म्हणजे कुत्रं पिसाळण्याच्या रोगावरच्या, सुयाही सुरू झाल्या. डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. गावात मात्र नाव झालं तात्यांचं! मालकही कुणाला खरं सांगत नाहीत. मला दोघांचाही संताप येतो.

तुमच्या घरी कुणी असलं औषध काढलं, तर मोठ्यांचा मान ठेवत बसू नका. जखम साबणानं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

परवा शेजारीण कुत्रं चावलेल्या लेकीला घेऊन तात्यांच्या दारात उभी दिसली. मी पोरीला उचलून रिक्षात घातलं. आई शिव्या देत मागोमाग चढली. "तुझा मालक वाचला त्यांच्या हातानं, मंग माझी लेक कावून न्हाई?" दवाखान्यात मी सुई टोचून होईपर्यंत पोरीला धरून बसले.

ती बाई आता माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. पुढच्या सुईलाही पोरीला मीच नेणार आहे.