शिंगाळ्याचा काटा आणि पडद्यातला डॉक्टर

मला हार्ट अटॅक आलाय हे ज्यानं सांगितलं, तो डॉक्टर त्या खोलीत नव्हताच. तो पालघरच्या मोठ्या हॉस्पिटलात, आणि मी बोईसरजवळच्या छोट्या दवाखान्यात खाटेवर आडवी. पायाशी टीव्हीसारखा पडदा. त्यातला चष्मेवाला डॉक्टर माझ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघत म्हणाला, "एसटी एलिव्हेशन आहे. वेळ घालवू नका."

एसटी एलिव्हेशन म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नळी बंद पडल्याची खूण. ईसीजीच्या पट्टीवर रेघ तिथे वर चढते. तेव्हा मला कुठलं कळायला! मीच त्याला सुनावलं, "अहो, मला हाताला काटा लागलाय. छातीचं काय घेऊन बसलात?"

झालं होतं असं. मी मासे विकते. सकाळी टोपलीत हात घातला आणि शिंगाळा माशाचा काटा डाव्या तळहातात शिरला. हा काटा विषारी. कळ खांद्यापर्यंत जाते, घाम फुटतो, मळमळतं. आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि उपायही ठरलेला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं.

माझी धाकटी जाऊ यमुना पातेलं घेऊन आली. "काय नाय व्हत गो बाय, आता उतरंल."

तळहाताची कळ उतरलीसुद्धा. खांद्याची हलेना. मग जबडा दुखायला लागला. यमुनाने पाणी बदललं, परत बदललं. हृदय बंद पडायला आलेलं आणि आम्ही दोघी पाणी तापवतोय!

दुपारी नवरा घरी आला. माझा चेहरा बघून त्याने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. लागेना. त्या दिवशी एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्याला आग लागली होती. धूर दिसला तसा जो तो आपल्या माणसाला फोन करत सुटला. आमच्या कुंभवलीकडे घराघरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला. एकदम इतके फोन, की लाईनी तुंबल्या आणि सगळ्यांचे मोबाईल मुके. शेवटी रिक्षात घातलं मला.

दवाखान्यात एकच तरुण डॉक्टर मॅडम. तिचाही मोबाईल लागत नव्हता. पडदा मात्र चालू होता. तिने माझ्या छातीला वायरी चिकटवल्या आणि रेघा तिकडे पालघरला उमटायला लागल्या.

पडद्यातल्या डॉक्टरने थ्रोम्बोलिसिस करायला सांगितलं. म्हणजे नळीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. पण नको त्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून मॅडम एकटीने द्यायला तयार नव्हती. तो एकेक विचारत गेला. पूर्वी पक्षाघात झाला होता का, ऑपरेशन झालंय का, हाताला कसली जखम. नवरा घाबरून मॅडमला म्हणाला, "मधीच लाईन गेली तं?"

"नाही जाणार काका," ती म्हणाली. पण बोलताना तिने पडद्यावरची नजर काढली नाही. मी पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा.

लाईन गेली नाही. इंजेक्शन दिलं. रक्त पातळ झाल्यावर काट्याची जखम पुन्हा वाहायला लागली. नर्स बिचारी कापूस दाबून बसली. त्याच लाईनवरून अॅम्ब्युलन्स मागवली. रस्ताभर माझ्या रेघा माझ्यापुढे पालघरला पोहोचत होत्या, त्यामुळे तिथे सगळे तयारच. अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे नळी फुग्याने रुंद करून आत स्टेंट नावाची बारीक जाळी बसवली.

बरं वाटल्यावर मी त्या डॉक्टरला विचारलं, गावाचे फोन बंद आणि तुमचाच कसा चालला? तो म्हणाला, "मावशी, फाइव्ह-जीमध्ये नेटवर्क स्लायसिंग असतं." म्हणजे कितीही गर्दी झाली तरी दवाखान्यासाठी एक वाट राखून ठेवायची. बाजारात आपण अॅम्ब्युलन्ससाठी बाजूला होतो ना, तसं. मला टॉवर म्हणजे पोरांचे व्हिडिओ, एवढंच माहीत. ज्यांनी ती वाट राखली त्यांचं नावगाव मला ठाऊक नाही. देव त्यांचं भलं करो.

माझ्यासारख्या बायांनो, काटा लागला तर गरम पाणी घ्याच. पण कळ जबड्यात गेली, छाती जड झाली, तर पातेल्यापाशी बसू नका.

परवा यमुनालाच शिंगाळा लागला. "छातीत जरा कसंतरी होतंय," म्हणाली. मी तिला पातेल्यासकट रिक्षात कोंबलं. हात पाण्यात घालून, पाणी सांडत दवाखान्यात गेलो. तोच पडदा, तोच डॉक्टर. ईसीजी साफ निघाला. "येडी झालीस का गो? नुसता काटा हाय ह्यो!" यमुना घरी येईपर्यंत मला शिव्या घालत होती.

घालू दे. त्या दिवशी लाईन तुटली असती, तर ह्या शिव्या ऐकायला मी नसते.